दवाखान्याची फेरी

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. मंत्रिमंडळाचा निर्णय ३ ऑगस्टचा. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत २,४१८ संस्था त्यात आल्या. त्याआधी केसपेपरचे दहा रुपये पडायचे. निर्णय चांगला आहे आणि तो मोकळ्या मनाने चांगला म्हणावा. तरीही बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातली मजूर बाई लेकराला ताप भरला की त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरत नाही. उद्या पाहू म्हणते, परवा पाहू म्हणते. ते दहा रुपये तिची मोठी अडचण कधी नव्हतेच. फेरीचा बाकीचा खर्च जसाच्या तसा आहे, आणि ही टिपणे त्या खर्चाची आहेत.

✻

एका फेरीचा हिशेब मांडू.

रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. निंदणाचा, सोंगणीचा, कापूस वेचणीचा दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतो, म्हणून हाच आकडा मोजमापाला धरतो. आईने एक दिवस मोडला की एवढे पैसे गेले. लेकरू अशक्त असेल, तिला एकटीला नेववत नसेल, तर बापाचाही दिवस गेला. धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण घरी राहिली, म्हणजे तिची शाळा बुडाली. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीटच नाही. हा आधार फार मोलाचा. पण एसटी ज्या गावाला दिवसातून एक-दोनदाच येते, तिथे ऑटो किंवा काळीपिवळी पाहावी लागते, आणि तिथे सवलत नसते. वर बाहेरून आणायची औषधं. तीन दिवसांनी परत दाखवायला बोलावलं, की हाच हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरची फी या यादीत मी अजून धरलेलीच नाही.

✻

कापूस फुटला की वेचणीला बाया मिळत नाहीत, म्हणून त्या दिवसांत दर चांगला असतो. वर्षाची उधारी त्याच महिन्यांत फिटते. आणि थंडीचे तेच महिने लहान लेकरांच्या खोकल्या-निमोनियाचे. पावसाळ्यात निंदणाची घाई आणि जुलाबाची साथ एकाच वेळी येते. घरात पैसा येण्याचे दिवस आणि लेकरू आजारी पडण्याचे दिवस असे एकमेकांवर येतात. आई निष्काळजी म्हणून उशीर होतो, असं बोलणाऱ्याने आधी हे पीकपाण्याचं गणित समजून घ्यावं.

✻

बुलढाणा घाटावर, मोताळा घाटाखाली, मध्ये राजूर घाट. दुसऱ्या दिशेला मलकापूर, तिथे रेल्वे. साधं दुखणं गावाजवळ निभतं. लेकराला ऑक्सिजन लागला, बाळ कमी वजनाचं जन्मलं, की जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. डोंगरपायथ्याच्या गावातल्या माणसाला आधी मुख्य रस्ता गाठायचा असतो, मग मोताळा, मग घाट.

जाताना १०८ आहे. २०१४ पासून ही सेवा राज्यात मोफत धावते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ती तातडीची गाडी आहे, दवाखान्यातून सुटी झाल्यावर घरी सोडायला येत नाही. सोडण्याची सोय १०२ ची आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून. हा कार्यक्रम १ जून २०११ चा. बाळंतपण मोफत, आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत, नेणं-आणणंही मोफत. पुढे बाळाच्या वयाची मर्यादा एक वर्षापर्यंत वाढवली.

एक वर्ष आणि एक दिवसाचं लेकरू मात्र या सोयीतून बाहेर पडतं. निमोनिया आणि जुलाब पहिल्या वाढदिवसाला थांबत नाहीत. ही मर्यादा पाच वर्षांपर्यंत नेली, तर घाटाखालच्या आईची रात्रीची अर्धी चिंता मिटेल. नवी योजना काढायची गरज नाही. गाडी आहे, चालक आहे, नंबर आहे. शासन निर्णयातला वयाचा आकडा तेवढा बदलायचा आहे.

✻

वेळेचा प्रश्न पैशाइतकाच मोठा आहे. बाई सकाळी स्वयंपाक उरकून आठ-नऊला वावरात जाते. घरी येते तेव्हा दिवस मावळलेला असतो. सरकारी ओपीडीची मुख्य गर्दी सकाळची. म्हणून दवाखाना मोफत असूनही तिच्यासाठी त्याची किंमत एक मजुरी. खासगी दवाखाना रात्री आठला उघडा असतो. फी देऊनही तो तिला स्वस्त पडतो, कारण दिवस वाचतो. गरीब माणूस सरकारी सोडून खासगीकडे का जातो, याचं एक साधं उत्तर इथे आहे.

राज्यात १ मे २०२३ ला ३१७ ठिकाणी ‘आपला दवाखाना’ सुरू झाला. वेळ दुपारी दोन ते रात्री दहा. ही वेळ ठरवणाऱ्याला मजुराचा दिवस कळला होता. मोठ्या गावांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी आठपर्यंत बाह्यरुग्ण विभाग नेमाने चालला पाहिजे, आणि त्या वेळी औषध देणारी खिडकीही उघडी पाहिजे. डॉक्टर आहेत पण खिडकी बंद, अशी संध्याकाळ काही कामाची नाही.

✻

‘बाहेरची चिठ्ठी’ हे दोन शब्द ऐकले की सोबत आलेल्या माणसाचा चेहरा पडतो. तपासणी मोफत, पण औषध आत नाही, समोरच्या दुकानातून आणा. बाह्यरुग्ण उपचारांत घरच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा औषधांचाच असतो.

आफ्रिकेतल्या युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी काढून टाकली. गरिबांची ये-जा लगेच वाढली. पण पुढे अभ्यासकांनी घरखर्च तपासला, तेव्हा सर्वांत गरीब घरांवरचा कंबरडं मोडणारा खर्च कमी झालेला दिसला नाही. दवाखान्यातली औषधं संपत होती आणि लोक ती बाहेरून घेत होते, हे त्याचं मुख्य कारण मानलं गेलं. आपल्या २०२३ च्या निर्णयाचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर औषधाच्या कपाटाकडे लक्ष हवं.

उपाय हाताशी आहे. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे निधी असतो आणि अडीअडचणीला त्यातून औषध खरेदी करता येतं. मुलांसाठी रोज लागणारी वीस-पंचवीस औषधं ठरवावीत : पॅरासिटामॉल, अमोक्सिसिलिन, ओआरएस, झिंक, जंताची गोळी, लोहाचं पातळ औषध. ती संपायच्या आत भरावीत आणि शिल्लक किती ते फळ्यावर लिहावं. पाच वर्षांखालच्या लेकराच्या हातात बाहेरची चिठ्ठी द्यायची नाही, एवढा एक नियम तालुक्याने पाळून दाखवावा.

✻

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल लोकांचा एक समज घट्ट आहे : कार्ड आहे, म्हणजे सगळं फुकट. तसं नाही. ही योजना दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांची आहे. रोजच्या ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही.

तिचा प्रवास असा : २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरुवात, २१ नोव्हेंबर २०१३ पासून साऱ्या राज्यात, २०१७ पासून फुल्यांच्या नावाने. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांपैकी एक, म्हणून इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती आधीच लागू झाली होती. आता उत्पन्नाची अट न लावता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

लेकराच्या हृदयाचं ऑपरेशन, भाजलेल्या मुलाचे उपचार, कर्करोग, यांत ही योजना घर वाचवते. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. आधी त्याच्या टेबलाशी जायचं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायचं. भरती होण्याआधी विचारायचं, पैसे भरून झाल्यावर नाही. १५५३८८ या नंबरवर फोन करून रुग्णालय योजनेत आहे का, ते विचारता येतं.

पण ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून जी पहिली भेट लागते, ती बसभाडं आणि मजुरीवर अडते. मोठ्या आजाराला पाच लाख आहेत. वर्षावरच्या लेकराच्या पहिल्या फेरीसाठी मात्र कुठल्याच योजनेत तरतूद नाही.

✻

१८९७. पुण्यात प्लेगची साथ. सावित्रीबाई फुले यांचा मुलगा डॉ. यशवंत याने गावाबाहेर, हडपसरच्या बाजूला, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात पोचवलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

दवाखाना होता, डॉक्टर होता. कमी होतं ते लेकराला तिथपर्यंत नेणारं कोणी. मोताळ्यात आज ते काम गावची आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, करते.

✻

आशाताई घरी येते, याची किंमत आपण अजून ओळखलेली नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. आरोग्यदूत घरी जायची, बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्ग ओळखायची आणि उपचार करायची. ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ पासून देशभर आशांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं सुरू झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पुढे पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी.

या भेटींना आईची मजुरी बुडत नाही, भाडं लागत नाही. गरीब घराला सर्वांत स्वस्त पडणारी वैद्यकीय भेट हीच. ती करणाऱ्या बाईला मात्र मोबदल्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते आणि मोर्चे काढावे लागतात. लेकरांच्या दवाखान्याचा खर्च कमी करायचा असेल, तर आशाताईचा मोबदला महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात जमा झाला पाहिजे.

✻

कोणती फेरी लांबवायची नाही आणि कोणती घरीच टळू शकते, हे आईला ठाऊक असणं ही मोठी बचत आहे. म्हणून लिहून ठेवतो.

पोट किंवा छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, लेकरू शांत असताना. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर निमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना. छाती आत ओढली जात असेल, लेकरू पीत नसेल, झटका आला असेल, गुंगीत असेल, तर मजुरीचा विचार करायचा नाही, १०८ लावायची.

जुलाब लागले, तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पुडी विरघळवायची. सोबत १४ दिवस झिंक : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १० मिलिग्रॅम, मोठ्याला २०. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. ओआरएस आशाताईकडे मोफत मिळतं. दुकानातल्या गोड पेयाच्या डब्यावर विसंबू नये. नावात ‘ओआरएस’ लावून अशी पेयं विकायला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तीही हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नये.

✻

स्वस्त उपचार म्हणजे कसलेही उपचार नव्हेत. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलं दगावली. कितीतरी आईबाप मुलांना घेऊन नागपूरपर्यंत धावले. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं औषध द्यायचं नाही, आणि पाच वर्षांखाली ते सहसा लागत नाही. दुकानदाराला ‘लेकराला खोकला आहे, काहीतरी द्या’ म्हणणं हे डॉक्टरची फी वाचवण्याचं साधन झालं आहे. ही बचत जिवावर बेतू शकते.

सलाईनचंही तसंच. तोंडाने पिता येत असेल तर बहुतेक वेळा ओआरएस पुरतं. ‘सलाईन लावा म्हणजे अंगात ताकद येते’ या समजुतीपायी गरिबाचे फार पैसे गेले आहेत. डॉ. अनंत फडके आणि जन आरोग्य अभियानातले कार्यकर्ते अनावश्यक औषधांबद्दल वर्षानुवर्षं लिहीत-बोलत आले. ते गावच्या भिंतीवर लिहिण्याइतकं महत्त्वाचं आहे.

✻

डॉ. हिंमतराव बावस्कर हे शेजारच्या जालना जिल्ह्यातले, देहेडचे. कोकणात महाडकडे विंचूदंशाने मुलं जात होती. त्यांनी निरीक्षणं लिहून ठेवली, लेख प्रसिद्ध केले आणि प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी वापरून मृत्यूंचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आणलं. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. लागला तो रुग्णाशेजारी रात्रभर बसणारा डॉक्टर.

याच बावस्करांनी २०१३ मध्ये तपासणीसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला १,२०० रुपयांचा धनादेश स्वीकारला नाही आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. त्या धनादेशाचा पैसा शेवटी रुग्णाच्याच खिशातून आलेला असतो. दलालीच्या या ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध कायद्याचा मसुदा राज्याने २०१७ मध्ये तयार केला, पण त्याचा कायदा झाला नाही. दवाखान्याची फेरी स्वस्त करायची तर तो मसुदा पुन्हा पटलावर यायला हवा.

✻

सातपुड्यात, मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि पुढच्या वेळी एक रुपया, अशी फी ठेवली. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यात शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे दवाखाने आणि फिरतं रुग्णालय आहे. या माणसांबद्दल आणि संस्थांबद्दल कृतज्ञताच वाटते. पण एखाद्या तालुक्याला कोल्हे मिळतात, दुसऱ्याला मिळत नाहीत. लेकराचं आरोग्य नशिबाने भेटलेल्या भल्या माणसावर सोडता येणार नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी हाच विचार केला होता. गावातल्या, पुष्कळशा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं, म्हणजे डॉक्टरवाचून अडणारी कामं गावातच होऊ लागली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तालुक्यांना यातला धडा असा की डॉक्टरची भेट स्वस्त करण्याचा पहिला मार्ग म्हणजे आरोग्याचं पुष्कळसं काम गावातच होईल अशी सोय करणं.

✻

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला सुरू झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका, असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, असं चार अंगांनी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. इथे डॉक्टर लेकराकडे येतो. आईची मजुरी बुडत नाही. कल्पना याहून चांगली असू शकत नाही.

पण पथकाने ‘हृदयात छिद्र असावं, जिल्ह्याला दाखवा’ असं लिहून दिल्यावर पुढची जबाबदारी पुन्हा घरावर येते. चिठ्ठी कपाटात राहते, लेकरू दम लागत खेळतं. म्हणून तपासणीच्या आकड्यांसोबत आणखी एक आकडा दर महिन्याला तालुक्याच्या बैठकीत वाचला जावा : पुढे पाठवलेल्यांपैकी किती मुलं खरोखर पोचली.

✻

उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लसीकरण मोफत होतंच. तरी पूर्ण लसीकरण झालेली मुलं होती सहा टक्के. गावात ठरल्या दिवशी नेमाने शिबिर भरू लागलं, तिथे हे प्रमाण अठरा टक्के झालं. शिबिरासोबत दर लसीला आईला एक किलो डाळ दिली, आणि लसी पूर्ण झाल्यावर ताटवाट्यांचा संच, तिथे ते ३९ टक्क्यांवर गेलं.

एक किलो डाळीसाठी कोणी लेकरू विकत नाही. पण आईच्या मोडलेल्या दिवसाची कोणीतरी दखल घेतली, एवढ्याने पाऊल उचललं जातं.

✻

महाराष्ट्रात ही दखल आधीच घेतली गेली आहे. आदिवासी भागासाठी १९९५ पासून नवसंजीवन योजना आहे. तिथे कुपोषित, आजारी बालकाला दवाखान्यात ठेवलं, तर सोबत राहणाऱ्या पालकाला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. म्हणजे लेकराजवळ बसलेल्या आईचा दिवस बुडतो, हे सरकारने कागदावर मान्य केलेलं आहे.

मोताळ्यातली भूमिहीन मजूर आई आणि मेळघाटातली आई, दोघींच्या चुलीचं गणित एकच आहे. पाच वर्षांखालचं लेकरू सरकारी दवाखान्यात भरती झालं, तर सोबतच्या एका पालकाला रोजगार हमीच्या दराने बुडीत मजुरी, ही सोय राज्यातल्या प्रत्येक भूमिहीन कुटुंबाला मिळावी. या साऱ्या वहीतली माझी पहिली मागणी हीच आहे. असं झालं तर तिसऱ्या दिवसाचं इंजेक्शन बाकी असताना लेकराला उचलून घरी आणण्याची पाळी येणार नाही.

✻

मुंबईच्या निर्णयाची वाट न पाहता गावाला काय करता येईल?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून गावातल्या दोन ऑटोवाल्यांशी ठरवून घ्यावं : आजारी लेकरू आणि आई यांना केंद्रापर्यंत नेणं-आणणं, भाडं पंचायतीकडून. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत मुक्त निधी असतो. तो साऱ्या गावाच्या कामासाठी, पण अगदी निराधार, फार गरीब घरासाठी अपवाद करता येतो. बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानातल्या ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, आजारपण हे त्याच्या कारणांतलं एक. बचत गटाने आजारी लेकरासाठी बिनव्याजी, त्याच दिवशी हातात पडणारी रक्कम वेगळी काढून ठेवावी. सावकाराकडे जाणारी पहिली फेरी तरी टळेल.

यातलं काहीही नवं मंजूर करून आणायचं नाही. ग्रामसभेत विचारायचं आहे : या वर्षी ते दहा टक्के कशावर खर्च झाले?

✻

थायलंडने २००१ मध्ये ठरवलं, कोणताही आजार असो, एका भेटीला तीस बाट. बाकीचा खर्च करांतून. वर्षभरात ही सोय साऱ्या देशात पोचली. तिथल्या शेतकऱ्याला योजनेचं लांबलचक नाव पाठ करावं लागलं नाही, एक आकडा लक्षात ठेवला की झालं. आपल्याकडे योजना पुष्कळ आहेत : १०२, १०८, जननी शिशु, बाल स्वास्थ्य, जन आरोग्य. प्रत्येकीची अट वेगळी, वय वेगळं, कागद वेगळा. सुशिक्षित माणूसही त्यात गोंधळतो. आईला सांगायचं वाक्य एकच असावं : पाच वर्षांपर्यंत लेकराची तपासणी, औषध आणि गाडी मोफत.

✻

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. दिशा बरोबर आहे. उरलेला वाटाही लहान नाही. आणि या हिशेबात बुडालेली मजुरी मुळात मोजलीच जात नाही.

✻

बुलढाण्यात २०२४ मध्ये शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. घाटाखालच्या लोकांसाठी ही आनंदाची गोष्ट आहे. बालरोगतज्ज्ञ वाढतील, तपासण्या जवळ होतील. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवायला हवी. २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांचा आहे, महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. विभाग बदलला म्हणून मोताळ्याहून आलेल्या लेकराच्या केसपेपरला, तपासणीला पुन्हा पैसे लागता कामा नयेत. लोकप्रतिनिधींनी हे लेखी घ्यावं.

✻

१९४६ मध्ये भोर समितीने आपल्या अहवालात पहिलंच तत्त्व मांडलं : पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये. त्या तत्त्वातला फीचा भाग महाराष्ट्राने २०२३ मध्ये पुरा केला. आता बाकी आहे ते असं : पाच वर्षांपर्यंत १०२ ची गाडी दोन्ही बाजूंनी, संध्याकाळची ओपीडी औषधाच्या खिडकीसह, लेकरांना बाहेरची चिठ्ठी बंद, भूमिहीन पालकाला बुडीत मजुरी आणि आशाताईला वेळेवर मोबदला. या पाचांपैकी एकालाही नवी इमारत लागत नाही.

मोताळा तालुक्यातल्या वाचकांना एवढंच सांगणं : येत्या ग्रामसभेत महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांचा हिशेब मागा आणि आजारी लेकराच्या गाडीभाड्याचा ठराव मांडा. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक शेजारची बाई होईल. शेजाऱ्याचं लेकरू आजारी असेल, तर त्याच्या आईला विचारा की आज तिची मजुरी बुडते का. बुडत असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात तुम्ही जा.